दार नेमके कुठे रुंद करायचे?

(द्वितीय वर्ष, कला)

कॅन्टीनमधल्या वादातून काही निष्पन्न होत नाही, असे आमचे सर म्हणतात आणि ते बहुतेक वेळा खरे असते. पण २०२५ च्या ऑक्टोबरात आमच्या टेबलावर चार-पाच दिवस जो वाद रंगला, त्याने माझी पाठ अजून सोडलेली नाही. म्हणून तो येथे कागदावर उतरवीत आहे.

वाद प्रो कबड्डीचा होता. साखळीत सातवा आलेला पाटणा पायरेट्स संघ प्ले-ऑफमध्ये शिरला, त्याने सहाव्या क्रमांकाच्या आपल्या यू मुम्बाला घरी पाठवले, मग जयपूरला, मग तिसऱ्या क्रमांकाच्या बंगळूरला! शेवटी तेलुगू टायटन्सने त्याला अडवले. आमच्यातले निम्मे "याला म्हणतात खेळ!" म्हणून नाचत होते आणि निम्मे "पण सातव्याला आत घेतलेच कुणी?" म्हणून टेबल बडवीत होते. मी टेबल बडविणाऱ्यांत होते. (खरे सांगायचे तर पाटण्याच्या चढाया मीही श्वास रोखून पाहिल्या. पण वादात हे कबूल करायचे नसते.)

जे वाचक कबड्डी पाहत नाहीत त्यांच्यासाठी थोडा हिशेब देते. २०१४ साली ही लीग सुरू झाली तेव्हा संघ होते ८ आणि उपांत्य फेरीत जात ४. म्हणजे निम्मे आत, निम्मे बाहेर. २०१७ मध्ये संघ १२ झाले. २०१९ पासून प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळे, असे २२ सामने होत आणि ६ संघ पुढे जात. प्रमाण तेच, निम्मे. २०२५ च्या हंगामात मात्र साखळीतले सामने २२ वरून १८ वर आले आणि पुढे जाणारे संघ ६ चे ८ झाले. बारातले आठ! १०८ सामने खेळवून शेवटी गाळायचे किती, तर चार.

गंमत अशी की हे प्रमाण एकट्या कबड्डीचे नाही. युरोपच्या फुटबॉल स्पर्धेत २०१६ पासून २४ संघांतले १६ बाद फेरीत जाऊ लागले. फुटबॉलच्या विश्वचषकात ३२ संघांतले १६ पुढे जात. २०२६ साठी जी रचना ठरली तीत ४८ संघांतले ३२. सगळीकडे दर तिघांत दोघे आत. आपल्याकडे परीक्षेत ए.टी.के.टी. असते, तशी ही खेळातली ए.टी.के.टी.च म्हणायची. आणि ए.टी.के.टी.ची सोय आहे हे कळल्यावर आपण पहिल्या सत्रात कसा अभ्यास करतो, हे मी प्राध्यापकांच्या देखत लिहीत नाही.

माझा एक वर्गमित्र निर्मळकडचा आहे. त्यांच्या गावात घरटी फुटबॉल. तो कॉलेजात कधी कधी पोर्तुगालचा लाल शर्ट घालून येतो. ज्यांच्याकडून चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसईचा किल्ला घेतला त्यांचाच शर्ट, म्हणून आम्ही त्याला चिडवतो. त्याने माझ्यापुढे २०१६ चे उदाहरण टाकले. पोर्तुगालने गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले, एकही जिंकला नाही, गटात तिसरा आला आणि तरी अंतिम सामन्यात फ्रान्सला १-० ने हरवून युरोपचा विजेता झाला. "जुन्या नियमात तो घरी गेला असता. मग तू म्हणणार, तो विजेता खोटा?" खोटा कसा म्हणणार? पण मी त्याला उलट विचारले, की त्या गटातल्या तीन सामन्यांचे मग काय राहिले? न जिंकताही पुढे जाता येते, एवढेच ना?

अमेरिकेत तर कॉलेजांच्या फुटबॉलवर (त्यांचा फुटबॉल वेगळा, हाताने फेकायचा) हाच वाद पेटलेला आहे. तिथे पूर्वी विजेतेपदासाठी ४ संघ निवडत. २०२४ च्या हंगामापासून १२ निवडू लागले. पहिल्याच वर्षी ओहायो स्टेट हा संघ आपल्या जुन्या वैऱ्याकडून, मिशिगनकडून, १३-१० असा हरला आणि तरीही जानेवारी २०२५ मध्ये विजेता ठरला. जो पराभव पूर्वी बहुधा वर्षाचा निकाल लावून गेला असता, तो नुसता एक वाईट शनिवार होऊन राहिला. याला कुणी उदारपणा म्हणेल, कुणी बाजार. मला वाटते, दोन्ही आहे.

विरुद्ध बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. सहाच संघ घ्यायचे तर साखळीच्या शेवटच्या पंधरवड्यात चार-पाच संघांना खेळण्यासारखे काही उरत नाही. खेळाडू पाट्या टाकतात, प्रेक्षक दुसरे चॅनेल लावतात. एखादा चांगला चढाईपटू सुरुवातीलाच गुडघा धरून बसला तर सगळ्या वर्षाचे वाटोळे होते. दार रुंद असले की नवव्या-दहाव्यालाही धडपडायला कारण राहते. पाटणा सुरुवातीला हरत होता आणि शेवटी सूर सापडून जिंकत सुटला. अशा संघाला बाहेर ठेवणे हा कोणता न्याय? हे सारे मला पटते. पण ज्यांनी आठांना आत घेतले त्यांनीच पहिल्या दोघांना थेट पुढे बसवले आणि हरले तरी आणखी एक संधी दिली. म्हणजे आठही सारखे नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे. आणि शेवट काय झाला? साखळीत २६-२६ गुण मिळवून पहिले दोन आलेले पुणे आणि दिल्ली हेच अंतिम सामन्यात समोरासमोर आले आणि दिल्ली ३१-२८ ने जिंकली. एवढा वळसा घालून गाडी निघाली त्याच स्टेशनावर आली!

जाता जाता आणखी एक. त्या हंगामातले सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथे झाले. मुंबईत नाही, पुण्यात नाही. दार रुंद झाले म्हणतात. पण आम्ही त्या दारापर्यंत जायचे कसे?

इथपर्यंत मी टेबल बडविणाऱ्यांची वकिली केली. आता स्वतःचे सांगते, कारण त्यामुळेच माझे मत सरळ राहिलेले नाही.

मी कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघात उजवा कोपरा सांभाळते. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. बाबा वालीवला एका गाळ्यात कामाला आहेत. आमचे गाव वसईच्या पूर्वेला, सकाळची पहिली एस.टी. कधी येईल ते तिचे तिलाच माहीत. गेल्या वर्षी मुंबईला एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जायचे होते, तेव्हा बाबांनी अर्धा खाडा करून पहाटे पाचला मला मोटरसायकलवरून वसई रोड स्टेशनला सोडले. आम्ही दहाजणी विरारवरून भरून आलेल्या लोकलमध्ये कशाबशा चढलो. जूनपासून रोज तास संपल्यावर सराव केला होता. ढोपरे सोलून खपल्या धरून परत सोललेली होती.

स्पर्धा बाद पद्धतीची होती. पहिला सामना तीन गुणांनी हरलो. साडेअकराला आम्ही परतीच्या गाडीत होतो. सकाळचा डबासुद्धा उघडला नव्हता. तो अंधेरीला उघडला.

रात्री बाबांनी विचारले, "किती मॅच झाल्या?"

"एक."

"एकच?"

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते. ते नुसते "बरं" म्हणाले आणि जेवायला बसले. पण दुसऱ्या दिवसापासून सरावाला थांबायचे म्हटले की आई विचारू लागली, "त्या एका खेळासाठी?" हाच प्रश्न इतर घरांतही विचारला गेला असणार, कारण त्या दहाजणींपैकी या वर्षी चौघी परत आल्या नाहीत. त्यातल्या एकीची पकड अशी होती, की मुलेसुद्धा तिच्यासमोर बोनस घ्यायला बिचकत. ती आता नालासोपाऱ्याला एका दुकानात उभी असते.

मग मी वहीत गणित मांडले. बाद पद्धतीत प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो. म्हणून २४ संघ असतील तर २३ सामन्यांत विजेता ठरतो. सोपे, स्वस्त. तेच २४ संघ तीन-तीनच्या आठ गटांत वाटले, तर गटांचे सामने २४, आणि आठ गटविजेत्यांचे पुढचे ७, असे ३१. म्हणजे फक्त आठ सामने वाढतात, आणि एकही संघ एका सामन्यात परत जात नाही. दोन मैदाने आखली तर हे आठ सामने म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम. पंचांचे मानधन वाढेल, चहा-वडापाव वाढेल, हे मान्य. खर्च कुणी करायचा हा प्रश्न खराच आहे. पण तो दोन-चार हजारांचा प्रश्न आहे, तत्त्वाचा नाही.

गावातल्या खुल्या स्पर्धांची गोष्ट निराळी. हॅलोजनच्या उजेडात एका रात्रीत सगळे उरकायचे असते. हरलेला संघ तिथेच मैदानाच्या कडेला बसून पहाटेपर्यंत सामने बघतो, जेवतो, दुसऱ्याला शिव्या घालतो. तिथे बाद पद्धतच हवी. तिची मजा मी नाकारत नाही.

माझे म्हणणे ऐकून शर्टवाला मित्र म्हणाला, "वा! पाटण्याला दुसरी संधी नको आणि तुला मात्र हवी!" होय, नेमके तेच म्हणायचे आहे. पाटण्याला अठरा संध्या मिळाल्या होत्या. ज्याची परीक्षा अठरा वेळा घेतली, त्याची योग्यता ठरविण्यासाठी एकोणिसाव्या परीक्षेची गरज काय? आणि जिची एकदाच घेतली, पाच तासांच्या झोपेवर, उभ्याने लोकलचा प्रवास केल्यावर, तिची परीक्षा झाली असे तरी कसे म्हणावे? वर निवड करायची असते, तिथे दार अरुंदच असावे, आय.पी.एल.ने २०२२ मध्ये संघ ८ चे १० केले, पण पुढे जाणारे ४ च ठेवले, हे मला बरे वाटते. खाली खेळाडू घडायचे असतात. तिथे उंबरठ्यावरूनच परत पाठवू नये.

मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. पुरुषांच्या लीगबरोबर २०१६ साली मुलींच्या तीन संघांचे सामने झाले, पुढच्या हंगामांत ते परत दिसले नाहीत. तरीही २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ असे हरवून सुवर्णपदक आणले. त्या स्पर्धेतले देशाचे ते शंभरावे पदक. आपल्या महाराष्ट्राच्या सोनाली शिंगटे आणि स्नेहल शिंदे त्या संघात होत्या. त्यांनासुद्धा कधीतरी पहिल्या फेरीत हरून परत यावे लागले असेलच. त्यांच्या घरी काय विचारले गेले असेल, असे मला फार वाटते.

या फेब्रुवारीत आमच्या जिमखान्याने सहा कॉलेजांच्या मुलींचे सामने आपल्याच मैदानावर भरवले. मी वहीतले गणित सरांना दाखवले होते. त्यांनी तीन-तीनचे दोन गट पाडले. पाचाऐवजी सात सामने झाले, एवढेच. शनिवारी पहिला सामना आम्ही सपाटून हरलो. पण रविवारी दुसरा होता, आणि रविवारी बाबांना सुट्टी होती. ते आले, चुन्याच्या रेषेपासून जरा लांब, गुलमोहराखाली उभे राहिले. तोही सामना आम्ही दोन गुणांनी हरलो.

घरी जाताना मोटरसायकलवर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कामणच्या चढावर गाडी हळू करून म्हणाले, "ती हिरव्या ड्रेसवाली दर वेळी तुझ्याच अंगावर का येत होती? तू पाय लवकर टाकत होतीस."