पहिली सर्व्हिसिंग : घरी की डीलरकडे?

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी भुसार मालाचे तीन पिढ्यांचे दुकान आहे. किरकोळ माल घरपोच देण्यासाठी आणि वसुलीच्या फेऱ्यांसाठी या घराला नव्या मोटारसायकलची गरज होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. हा बदल जाहीर झाल्यावर घराने खरेदी लांबवली आणि दिवाळीच्या पाडव्याला १२५ सीसीची गाडी दारात आणली. हार घातला गेला, पेढे वाटले गेले आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी कामाला लागली.

तीन आठवड्यांत गाडी ४८० किलोमीटर धावली. पहिली मोफत सर्व्हिसिंग ५०० ते ७५० किलोमीटरच्या दरम्यान करावी, असे पुस्तिकेत छापले होते. शोरूम २२ किलोमीटर अंतरावर, जिल्ह्याच्या ठिकाणी. घरातील नातवाने नुकताच मेकॅनिकल डिप्लोमा पूर्ण केलेला. तो आजोबांना म्हणाला, "अण्णा, पाऊण तासाचं काम आहे. ऑईल बदलायचं, चेन बघायची, केबल तपासायच्या. त्यासाठी अर्धा दिवस आणि हजार-बाराशे रुपये कशाला घालवायचे? 'मोफत' म्हणतात आणि बिल हातात ठेवतात."

अण्णांनी लगेच होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. "दोन्ही बाजू कागदावर मांड," एवढेच ते म्हणाले.

व्यापारी घरात अशा प्रश्नाचा निकाल लावण्याची ही योग्य रीत आहे. 'मोफत सर्व्हिसिंग' या शब्दांत मजुरीचा खर्च नसतो, पण ऑईल आणि इतर खपणारे साहित्य ग्राहकालाच विकत घ्यावे लागते. ही अट पुस्तिकेत लिहिलेली असते. ती न वाचता गेलेल्या ग्राहकाला बिल पाहून फसवणूक झाल्यासारखे वाटते. त्यामुळे तुलना शून्य आणि हजार रुपयांची नसून दोन खर्चांची आहे.

पहिल्या सर्व्हिसिंगचे महत्त्व काय, हेही समजून घेतले पाहिजे. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांचे पृष्ठभाग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये एकमेकांशी जुळतात. गिअरचे दातही याच काळात आपली जागा घेतात. या घर्षणातून धातूचे बारीक कण सुटून ऑईलमध्ये मिसळतात. म्हणूनच पहिले ऑईल पुढच्या ऑईलच्या मानाने फार लवकर बदलायचे असते. ते उशिरा बदलले तर हेच कण बेअरिंग आणि पंपापर्यंत फिरत राहतात. लहान इंजिनांत ऑईल गाळण्यासाठी बहुधा धातूची जाळी असते आणि मोठ्या इंजिनांत कागदी फिल्टर. जाळी स्वच्छ करणे किंवा फिल्टर बदलणे, नट-बोल्ट पुन्हा आवळणे, चेनचा ताण पाहणे, क्लच आणि ब्रेकचा मोकळा खेळ ठरवणे आणि टॅपेट तपासणे ही कामेही याच वेळी होतात.

यातील ऑईल बदलणे नातवाला खरोखरच जमण्यासारखे होते. तरीही तिथे तीन चुका वारंवार होतात. पहिली चूक ऑईलच्या निवडीची. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच ऑईल लागते आणि क्लच त्या ऑईलमध्येच बुडालेला असतो. त्यामुळे डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' हे मानक पाहावे लागते. घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेले मोटारीचे ऑईल ओतल्यास क्लच घसरू शकतो. दुसरी चूक निचऱ्याचा बोल्ट जास्त आवळण्याची. इंजिनाचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा असतो. जोर जास्त झाला की आटे जातात आणि बारा रुपयांच्या वॉशरऐवजी मोठी दुरुस्ती गळ्यात पडते. बोल्ट किती आवळायचा याचे माप ठरलेले असते आणि त्यासाठी टॉर्क पाना लागतो. तिसरी चूक मापाची. गाडी उभ्या स्टँडवर सरळ न ठेवता पातळी पाहिली की ऑईल कमी-जास्त भरले जाते आणि जास्त भरलेले ऑईलही इंजिनाला अपायकारकच असते.

टॅपेटचे काम याहून नाजूक. तेथील फट अनेक इंजिनांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते आणि ती इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजावी लागते. शिवाय १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इलेक्ट्रॉनिक इंधन-पुरवठा आला. त्यातील दोषांची नोंद वाचण्याचे उपकरण डीलरकडे असते. घराच्या ओसरीवर नसते.

नातवाने कागद तयार केला. घरी काम केल्यास योग्य प्रतीचे ऑईल ३८० रुपये आणि वॉशर १२ रुपये, म्हणजे एकूण ३९२. टॉर्क पाना मित्राकडून मिळणार होता. डीलरच्या सर्व्हिस सल्लागाराने फोनवर खर्च सांगितला तो १,४०० रुपये. नातवाच्या मते प्रश्न इथेच संपला होता.

अण्णांनी मात्र त्या १,४०० रुपयांची फोड विचारायला सांगितली. ती अशी निघाली : ऑईल ४१०, वॉशर १२, ग्रीस व किरकोळ साहित्य ४८, गाडीवरील चकाकीचे कोटिंग ६५० आणि ऑईलमध्ये घालायचे द्रव्य २८०. शेवटच्या दोन बाबींचा पुस्तिकेतील सर्व्हिसिंगच्या तक्त्यात उल्लेखच नव्हता. त्या ९३० रुपयांच्या बाबी नाकारल्या की उरतात ४७० रुपये. घरच्या खर्चाशी फरक ७८ रुपयांचा. जाण्या-येण्याच्या ४४ किलोमीटरचे पेट्रोल धरले तरी आणखी ऐंशी-पंच्याऐंशी रुपये. महाग होती ती न मागता पुढे केलेली भर, सर्व्हिसिंग नव्हे. ही भर नाकारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार असतो.

हिशेबाची दुसरी बाजू याहून मोठी होती आणि ती या घराने एकदा भोगली होती. आठ वर्षांपूर्वी नातवाच्या काकांनी अशीच नवी गाडी घेतली. काका हाताने कुशल आणि स्वभावाने काटेकोर. त्यांनी पहिले ऑईल वेळेवर आणि योग्य प्रतीचे बदलले, जाळी धुतली, चेन ताणली. कामात काही उणीव नव्हती. चौदाव्या महिन्यात गिअरबॉक्समधून घरघर ऐकू येऊ लागली. वॉरंटीचा काळ शिल्लक होता. वर्कशॉपमध्ये पहिला प्रश्न विचारला गेला तो पहिल्या सर्व्हिसिंगच्या कूपनचा. कूपन पुस्तिकेत कोरेच होते. ऑईलची पावती काकांनी ठेवलेली नव्हती. दावा नाकारला गेला आणि दुरुस्तीचे ७,८०० रुपये खिशातून गेले. बेअरिंग मुळातच सदोष असू शकेल, हे काका तोंडाने सांगत राहिले. कागदाने सांगण्यासारखे त्यांच्याजवळ काही नव्हते.

"कायदा असं चालू देतो का?" नातवाने विचारले. हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार उत्पादकाला आपलेच सुटे भाग किंवा आपलीच सेवा विकत घेण्याची अट वॉरंटीला सहसा जोडता येत नाही. मात्र ती वस्तू किंवा सेवा विनामूल्य दिली जात असेल, तर त्या अटीला मुभा आहे. भारतात स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांना सुट्या भागांच्या व दुरुस्तीच्या बाजारातील मक्तेदारीबद्दल सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. केवळ बाहेरच्या कारागिराकडे दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही त्या आदेशात म्हटले होते. पण तो आदेश मोटारींविषयीचा होता आणि पुढे अपिलात गेला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा अधिकार' या नावाचे पोर्टल सुरू केले. शेती अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि घरगुती उपकरणे यांच्यासोबत वाहनांचाही त्यात समावेश आहे.

वाऱ्याची दिशा ग्राहकाच्या बाजूची आहे, असे यावरून म्हणता येईल. तथापि आज एखाद्याच्या पुस्तिकेत 'ठरलेली सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच करावी' अशी अट छापलेली असेल, तर ती मोडून नंतर वाद घालण्याचा भार त्याच्याच खांद्यावर येतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मूल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. पण तक्रार करून मिळवण्यापेक्षा तक्रारीची वेळच न आणणे स्वस्त पडते. दीडएकशे रुपये वाचवण्यासाठी काही वर्षांची वॉरंटी वादात टाकणे हा सौदा दुकानात कोणी केला असता का?

अण्णा नातवाला म्हणाले, "काकाचं काम खोटं नव्हतं. पण व्हाउचर नसलेली नोंद कुठल्या ऑडिटरनं मान्य केली आहे? तू जा, पण गाडी ठेवून येऊ नकोस. जवळ उभा राहा."

नातू आदल्या संध्याकाळीच गाडी घेऊन गेला आणि रात्री आत्याकडे राहिला. सकाळी वर्कशॉप उघडताच तिथून तो थंड इंजिनाची गाडी ढकलत दोन गल्ल्यांपलीकडच्या केंद्रात पोहोचला. पुस्तिकेतील तक्ता त्याने हाती ठेवला होता. जॉबकार्डवर सही करण्यापूर्वी कोटिंग आणि द्रव्य या दोन ओळी त्याने सौजन्याने कापायला लावल्या. टॅपेट तपासणार का, असे विचारल्यावर कारागीर क्षणभर थांबला, मग फीलर गेज घेऊन आला. गाड्यांची रांग लागलेल्या दिवशी हे काम बहुधा विचारल्याशिवाय होत नाही. ऑईलचा सीलबंद डबा त्याच्यासमोर फोडला गेला. निघालेल्या काळ्या ऑईलमध्ये धातूची चमक दिसत होती. ती त्याने पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिली. बिल झाले ४७० रुपये. कूपनवर शिक्का, तारीख आणि किलोमीटर यांची नोंद झाल्याची खात्री करूनच तो निघाला.

निघालेले ऑईल केंद्रातील पिंपात गेले, हाही एक लाभच. वापरलेले ऑईल हा कायद्याने घातक कचरा आहे. घरी ऑईल बदलणारे बरेचजण ते गटारात किंवा परसातील मातीत ओततात. त्या मातीतील आणि पाण्यातील किती जीव त्याने मरतात याचा हिशेब कोणत्याच बिलात लिहिलेला नसतो. घरी ऑईल बदलायचेच असेल, तर ते डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे किंवा सर्व्हिस केंद्राकडे देणे, एवढी जबाबदारी सोबत घ्यावी लागते.

याचा अर्थ घरच्या हातांना काम नाही असा नव्हे. चेन स्वच्छ करून वंगण देणे, टायरमधील हवा, ऑईलची पातळी, ब्रेकचा खेळ आणि बॅटरीची टोके पाहणे ही कामे दर पंधरा दिवसांनी घरीच व्हावीत. त्यांनी वॉरंटीला धक्का लागत नाही आणि बिघाड लवकर कळतो. वॉरंटी संपल्यावर ऑईलही खुशाल घरी बदलावे. फक्त प्रत्येक वेळी ऑईलची पावती, तारीख आणि किलोमीटर एका वहीत चिकटवावेत. गाडी विकताना हीच वही गिऱ्हाइकासमोर ठेवता येते.

त्या घरात आता अशी वही आहे. पहिल्या पानावर ४७० रुपयांचे बिल आणि शिक्का मारलेल्या कूपनची झेरॉक्स. खाली नातवाच्या अक्षरात दर पंधरवड्याच्या नोंदी आहेत : चेन, हवा, पातळी. गेल्या आठवड्यात काकांनी आपल्या जुन्या गाडीसाठी त्याच वहीची शेवटची दहा पाने मागून घेतली.