कायद्याने दिले, वर्गाने कधी द्यायचे?

कर्नाटकातील सिद्दी समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये, आणि तोही उत्तर कन्नड जिल्ह्यापुरता. बेळगाव व धारवाडच्या सिद्दींना २०२० च्या दुरुस्ती कायद्यापर्यंत थांबावे लागले. त्याच वर्षी शांताराम सिद्दी यांच्या नियुक्तीने या समाजाचा पहिला आमदार विधान परिषदेत पोहोचला. हा प्रवास समाधानकारक आहे. मात्र हल्याळ, यल्लापूर वा खानापूरच्या अंगणवाडीत पहिले पाऊल टाकणाऱ्या सिद्दी मुलाशेजारी कोण बसेल, हे कायदा ठरवीत नाही.

आफ्रिकेतून अरब व पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी आणलेल्यांचे हे वंशज. गोव्यातील गुलामगिरीतून निसटून अनेकांनी घाटमाथ्यावरच्या रानांचा आसरा घेतला, असे मानले जाते. त्यांच्या अनेक घरांत आजही मराठी-कन्नड मिसळलेली, कोकणी वळणाची बोली नांदते. बोली शेजारची असूनही केवळ वर्ण आणि केस पाहून त्यांना परके ठरवले जाते.

‘लहान मुलांना असले भेद कळत नाहीत’ हा मोठ्यांचा सोयीस्कर समज आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत केनेथ व मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या व काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेकांनी गोरी बाहुली ‘चांगली’ ठरवली. शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा दाखला आहे. ‘उन्हात खेळू नकोस, काळी पडशील’ हे वाक्य ऐकत वाढणारे मूलही तोच धडा घरी गिरवते. मोठ्यांनी मौन पाळले म्हणून तो पुसला जात नाही.

मग उपाय काय? केवळ एका खोलीत बसवल्याने मने जुळत नाहीत. समान स्थान, एकच उद्दिष्ट, परस्परांवाचून न होणारे काम आणि वडीलधाऱ्यांचा उघड पाठिंबा असेल तरच सहवासाने पूर्वग्रह ओसरतात, असे गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडले. बालवर्गात याचा अर्थ साधा आहे. जोड्या शिक्षिकेने लावाव्यात आणि त्या बदलत राहाव्यात. खडूच्या एकाच छटेला ‘अंगाचा रंग’ म्हणू नये. केसांविषयी मुलाने विचारले तर त्याला दटावून गप्प न करता सरळ उत्तर द्यावे. चिडवण्याचे नाव मात्र पहिल्याच दिवशी थांबवावे.

नव्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा शिक्षणाचा पाया मानला आहे. त्या पायात अक्षर-अंकांबरोबर शेजारधर्मही हवा. गोव्यातील बालवर्गांनाही हे लागू आहे, कारण तेथेही परप्रांतीय मजुरांची मुले दरवर्षी दाखल होतात. आरक्षणाची जागा अर्जावर मिळते. खेळातली जागा सवंगड्यांनीच द्यावी लागते, आणि ती देण्याची सवय सहाव्या वर्षाआधी लावणे सर्वांत सोपे असते.