‘मला करमत नाही’

आमच्या समाजातील जी मंडळी तरुणपणी मुंबईहून व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून येथे आली आणि लोद, रामले, बीरशेबा, दिमोना येथे स्थिरावली, त्यांपैकी हयात असलेल्या अनेकांनी आता पंच्याऐंशी ओलांडली आहे. आजीआजोबा विसरू लागले की घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, ‘आता वय झाले.’ आम्हां शिक्षकांना हे वाक्य परिचयाचे वाटते. ‘या मुलाला डोकेच नाही’ असा जो निकाल वर्गात एका दमात दिला जातो, त्याच्याच जातकुळीचे ते आहे.

मन उदास झाले की लक्ष एका ठिकाणी ठरत नाही; आणि ज्याकडे लक्षच गेले नाही ते स्मरणात राहणार कसे? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ चार्ल्स वेल्स यांनी १९७९ साली अशा रुग्णांविषयी लिहिताना एक भेद दाखविला होता. उदास माणूस ‘ठाऊक नाही’ म्हणून मोकळा होतो आणि आपल्या विसराळूपणाची तक्रार स्वतःच करतो. स्मृतिभ्रंश झालेला माणूस बहुधा उत्तर देऊ पाहतो, ते चुकते, आणि तो आपली उणीव झाकत राहतो. पाटीवर चुकीचे गणित मांडणारा आणि पाटी कोरीच ठेवणारा हे दोन विद्यार्थी एक नव्हेत, हे कोणत्याही शिक्षकास सांगावे लागत नाही. अर्थात हा भेद तंतोतंत नाही; पुष्कळदा दोन्ही विकार एकाच वृद्धात एकत्र नांदतात.

मग आधी काय आणि मागून काय? हॉलंडमधील लायडेन शहरात हा प्रश्न तपासण्यात आला. १९९७ ते १९९९ या काळात ज्यांनी पंच्याऐंशी वर्षे पूर्ण केली, अशा नागरिकांच्या घरी जाऊन दरवर्षी तपासणी होत असे. त्यांपैकी ५०० जणांविषयीचे निष्कर्ष २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. आरंभी उदास असलेल्यांची बुद्धी पुढील चार वर्षांत इतरांहून जलद खालावली नाही. उलट ज्यांचे लक्ष व स्मरण आधीच दुबळे होते, त्यांच्यात औदासीन्य वर्षागणिक अधिक वाढत गेले. विसरणाऱ्याला काही कळत नाही अशी आपली सोयीची समजूत असते. आम्हांस वाटते, त्याला बरेच कळत असावे.

आता आपल्या घराकडे पाहू. आपल्या आजी ‘मी उदास आहे’ असे कधी म्हणत नाहीत. ‘मला करमत नाही’, ‘कशात जीव रमत नाही’, ‘अंगात त्राण नाही’ असे म्हणतात. सोबत गेलेला नातू कुपत होलिमच्या डॉक्टरांना सांगतो, ‘मेशुअमेमेत’. म्हणजे कंटाळली आहे. डॉक्टर वृद्धांच्या मोआदोनमध्ये जायला सुचवितात आणि भेट संपते. नातवाचा यात दोष नाही. परंतु न करमण्यात जे घर, जी माणसे, जे सारे मागे राहिलेले असते, ते त्या एका हिब्रू शब्दात मावत नाही.

स्मरणशक्तीची जी ३० गुणांची परीक्षा १९७५ पासून जगभर रूढ झाली, तीत वर्ष, महिना, वार यांबरोबर ऋतूही विचारतात आणि शंभरातून सात-सात वजा करावयास लावतात. तिश्री महिन्यात ‘ऋतू कोणता?’ या प्रश्नाचे हिब्रूत अपेक्षित उत्तर ‘स्ताव’. जिच्या तोंडी जन्मभर उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीनच ऋतू, तिने काय सांगावे? आणि जिने पाढे मराठीत घोकले, तिला वजाबाकीही मराठीतच करू द्यावी. शाळा चार इयत्तांपुरतीच झाली असेल तर तेही आधी सांगावे, कारण शिक्षण पाहूनच गुणांचा अर्थ लावावयाचा असतो.

दिवसभर घरात असणारी मदतनीस केरळची किंवा फिलिपाइन्सची, नातवंडे हिब्रू बोलणारी, मराठी बोलणारी शेजारीण केव्हाच गेलेली. शब्बाथच्या जेवणाला सोळा माणसे आणि आजी गप्प. हा स्मृतिभ्रंश की नुसते मौन, हे कोणी विचारले आहे काय?

डॉक्टरांकडे जाताना म्हणून मराठी नीट जाणणारा मुलगा, लेक किंवा सून बरोबर असावी. नातवाने गाडी चालवावी. स्मरणाबरोबर उदासीचीही स्वतंत्र तपासणी मागावी. वृद्धांसाठीच केलेली १५ प्रश्नांची, हो-नाही उत्तरांची प्रश्नावली आहे; तीत झोप व अंगदुखीचे प्रश्न मुद्दाम टाळले आहेत, कारण त्या वयात ती दुखणी असायचीच. रक्तातील बी-१२ व थायरॉईड पाहावे, कान तपासावे, आणि झोपेच्या गोळ्यांसकट घरातील सगळी औषधे एका पिशवीत घालून दाखवावी. नैराश्यावर औषध दिले तर गुण यायला कित्येक आठवडे लागतात. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून ते परस्पर बंद करू नये. मात्र तोल जाऊ लागला किंवा एकाएकी गोंधळ वाढला तर त्याच दिवशी कळवावे, कारण या औषधांनी वृद्धांच्या रक्तातील सोडियम उतरू शकते. आजोबा ‘देव मला नेत का नाही’ असे वारंवार म्हणू लागले तर ते हसण्यावारी न नेता तेही त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानी घालावे. जुलै २०१५ पासून मनाच्या आजारांची सेवा कुपत होलिमकडेच आहे. पहिली चिठ्ठी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच मागता येते.