कपाळावर बंदूक आणि खिडक्या बंद

गुढीपाडव्याला, २ एप्रिल २०२२ रोजी, राज्यातले करोनाचे निर्बंध उठले. केंद्र सरकारच्या कार्यालयांत ७ फेब्रुवारीपासूनच पूर्ण हजेरीचा आदेश होता. मग खासगी कंपन्याही कर्मचाऱ्यांना परत बोलावू लागल्या. परतणाऱ्याच्या स्वागताला गेटवर तीन गोष्टी असत : सॅनिटायझरची बाटली, नाव लिहायची वही आणि सुरक्षारक्षकाच्या हातातली तापमान मोजणारी बंदूक. एवढं पार पडलं की माणूस ‘सुरक्षित’ ठरून आत जाई.

ती बंदूक कपाळाच्या त्वचेचं तापमान मोजते, शरीराच्या आतलं नव्हे. एप्रिलच्या उन्हातून दुचाकीवर आलेल्या धडधाकट माणसाचा आकडा चढा दिसू शकतो. सकाळी पॅरासिटामॉल घेऊन एसी गाडीतून उतरलेला तापकरी मात्र सहज आत जातो. शिवाय हा विषाणू लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरू लागतो आणि अनेकांना तर ताप येतच नाही. हे २०२० मध्येच कळलं होतं. तरी बंदूक टिकली, कारण ती दिसते. हवा दिसत नाही.

दक्षिण कोरियाची राजधानी सोलमधल्या एका १९ मजली इमारतीत ११व्या मजल्यावर कॉल सेंटर होतं. मार्च २०२० मध्ये तिथे करोनाचे रुग्ण आढळल्यावर आरोग्य यंत्रणेने इमारतीत काम करणारे, राहणारे आणि येऊन गेलेले अशा हजारावर लोकांची तपासणी केली. ९७ जण बाधित निघाले. त्यांतले ९४ त्या एकाच मजल्यावरचे, तिथल्या २१६ कर्मचाऱ्यांपैकी. आणि त्यांतलेही बहुतेक मजल्याच्या एकाच बाजूला बसणारे. लिफ्ट आणि लॉबी सगळ्या मजल्यांची सामायिक होती, येता-जाता गाठीभेटी होत होत्या, तरी इतर मजल्यांवर रोग जवळपास पसरलाच नाही. लिफ्टमधला मिनिटभराचा सहवास आणि एकाच दालनात दिवसभर शेजारी बसून बोलत राहणं, यांतला फरक या आकड्यांत दिसतो.

आपल्याकडच्या बहुतांश लहान-मध्यम कार्यालयांत भिंतीवर स्प्लिट एसी असतो. तो खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि परत सोडतो; बाहेरची ताजी हवा आणत नाही. एसी लावला म्हणून खिडक्या बंद, वीज वाचावी म्हणून दारही बंद. अशा खोलीत वीस माणसं आठ तास एकमेकांचे उच्छ्वास वाटून घेत असतात. हवा किती शिळी झाली हे कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या, काही हजार रुपयांत मिळणाऱ्या यंत्रावर कळतं. मोकळ्या हवेत त्याचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० असतं. खोलीत ते हजारापुढे गेलं तर खिडकी उघडायला किंवा एक्झॉस्ट पंखा लावायला हवा. टेबलं दर दोन तासांनी पुसण्यापेक्षा याचा उपयोग जास्त. पण फवारणीचा फोटो काढता येतो, उघड्या खिडकीचा कोण काढणार?

हा झाला विषाणूचा धोका. बंद ठेवलेली जागा पुन्हा सुरू करण्याचा धोका निराळा आहे, आणि त्याची मोठी किंमत देशाने टाळेबंदी सैल होत असतानाच मोजली. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्स कारखान्यातल्या टाकीतून स्टायरीनची वाफ बाहेर पडली आणि शेजारच्या वस्तीत झोपलेल्या लोकांपर्यंत पोहोचली. १२ जणांचा मृत्यू झाला, शेकडो जण रुग्णालयात गेले. स्टायरीन हा द्रव थंड ठेवावा लागतो आणि त्यात एक रोधक रसायन योग्य प्रमाणात असावं लागतं. नाहीतर त्याचे रेणू आपोआप एकमेकांना जोडले जाऊ लागतात, त्यातून उष्णता निघते आणि त्या उष्णतेने प्रक्रिया आणखी वेग घेते. टाळेबंदीत कारखाना थांबला, तरी टाकीतलं रसायन थांबलं नव्हतं. आंध्र सरकारच्या चौकशी समितीने तापमानावरची ढिसाळ देखरेख, अपुरं रोधक आणि शीतकरणातले दोष दाखवून दिले. सूचना देणारे भोंगे होते, ते वाजवलेच गेले नाहीत, हेही नोंदवलं. त्याच दिवशी तमिळनाडूत नेयवेलीच्या वीजकेंद्रात बॉयलरचा स्फोट झाला.

दोन दिवसांनी, ९ मे रोजी, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या : पहिला आठवडा चाचणीचा समजा, उत्पादनाची मोठी लक्ष्यं ठेवू नका, आणि यंत्राचा विचित्र आवाज, वेगळा वास, थरथर, गळती, धूर ओळखायला कामगारांना शिकवा. सूचना शहाणपणाच्या होत्या. फक्त विचित्र आवाज ओळखायला मूळचा आवाज कानात बसलेला असावा लागतो, आणि ज्यांच्या कानात तो होता त्यांतले कितीतरी कामगार त्याच सुमारास उत्तर प्रदेश-बिहारच्या वाटेवर चालत होते. त्यांच्या जागी आलेल्या नव्या कंत्राटी मुलाला यंत्राचं बटण दाखवलं जातं. त्याचा आवाज कोणी ऐकवत नाही.

इमारतीतलं पाणीही तपासायला हवं. महिनोन्‌महिने साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढतो. शॉवर किंवा कूलिंग टॉवरच्या तुषारांतून तो फुप्फुसात गेला की न्यूमोनिया होऊ शकतो. ऑगस्ट २०२० मध्ये खुद्द अमेरिकेच्या ‘सीडीसी’ला अटलांटातल्या भाड्याच्या काही इमारती याच कारणाने बंद ठेवाव्या लागल्या. उपाय साधा : टाक्या रिकाम्या करून धुवायच्या आणि लोक येण्याआधी सगळे नळ भरपूर वेळ सोडायचे.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. आजारी माणूस घरी थांबला तर कामाच्या ठिकाणचा संसर्ग बराच कमी होतो. पण तो थांबेल कसा? महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या आणि कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ‘ईएसआय’मध्ये, नोंद असलेल्या कामगाराला आजारपणात पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. एरवी ही तरतूद चांगली आहे. मात्र २०२२ मध्ये लागू असलेल्या कायद्याच्या कलम ४९ नुसार आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता मिळत नव्हता. पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडला तरच त्यातून सूट होती. खोटी आजारपणं रोखण्यासाठी हा नियम असावा. परंतु श्वसनाच्या साथीत रुग्ण सुरुवातीच्या दिवसांतच इतरांना सर्वाधिक बाधित करतो, आणि नेमका तेव्हाच कामगाराचा रोज बुडत असे. ज्याची नोंदच नाही, त्याचं तर सगळंच बुडतं. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ‘गोळी द्या, पण सुट्टी लिहू नका’ असं सांगणारा रुग्ण रोज भेटतो तो यामुळेच. गेटवर उभ्या असलेल्या कंत्राटी रक्षकाची अवस्थाही बहुधा हीच असते. बारा हजार पगाराच्या माणसाचे दोन दिवस म्हणजे आठशे रुपये. ते मालकाने स्वतःहून द्यायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.