लॉक करायच्या आदल्या रात्री

नरडाण्यात आमच्या बहिणीच्या घरी गेल्या वर्षी पंधरा दिवस चूल कमी आणि चर्चा जास्त पेटली. भाची नीटमध्ये चांगल्या गुणांनी पास झाली होती. निकालाच्या आठवड्यात शाल, ट्रॉफी, फोटो सगळं झालं. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली, आणि तेव्हा शाल देणाऱ्यांपैकी कोणी फिरकलं नाही.

सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा देशपातळीवर भरतात, ८५ टक्के राज्याच्या सीईटी सेलमार्फत. दोन्हीकडे वेगळा फॉर्म, वेगळ्या तारखा. भाचीला देशाच्या यादीतून मध्य प्रदेशातलं एक सरकारी कॉलेज मिळालं. राज्याच्या पहिल्या फेरीत घराजवळचं एक खाजगी कॉलेज मिळालं. घरच्यांनी लगेच निकाल दिला: जवळचं घ्या, रिटेन्शन फॉर्म भरा, विषय संपवा. एका काकांनी तर बीयूएमएस सुचवलं, मालेगावला, "आपल्या लोकांत राहील" म्हणून. युनानीबद्दल मला आदर आहे. पण जिला एमबीबीएस करायचंय तिला ते केवळ अंतर पाहून सुचवू नये.

भाची म्हणाली, "मामू, मला दुसरी फेरी बघायचीय."

इथे एक गैरसमज मी घरोघरी पाहिला. लोकांना वाटतं, वरचं कॉलेज आधी लिहिलं तर खालचं हातचं जाईल. तसं नसतं. यादी वरून खाली वाचली जाते आणि तुमच्या गुणांना जे पहिलं बसेल ते मिळतं. मुंबई वर लिहिल्याने धुळे जात नाही. धोका दुसरीकडे आहे: पुढच्या फेरीत वरचं मिळालं की आधीची जागा आपोआप रद्द होते. म्हणून जिथे जायचंच नाही ते नाव लिहू नये, आणि जिथे जायचंय ते भीतीने वगळू नये. रिटेन्शन भरला की पुढच्या फेरीचं दार बंद. तो फॉर्म घरातल्या थोरांनी मुलीच्या हातातला फोन घेऊन भरायचा नसतो.

पैशाचा मुद्दा निघालाच. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना राज्याच्या प्रवेशफेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, खाजगी कॉलेजातही. हॉस्टेल आणि मेस मात्र आपल्यालाच भरायची. म्हणजे फीचा बाऊ बऱ्यापैकी गेला. पण ही सवलत कागदावर चालते. आमची बहीण बागवानांत दिलेली. जातवैधतेला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं "मुसलमान". एका कार्यालयात तीन चकरा झाल्या, प्रत्येक वेळी नवा कागद मागितला. शेवटी आजोबांच्या धाकट्या भावाच्या शाळेच्या रजिस्टरात "बागवान" सापडलं. हे काम दहावीनंतरच सुरू करायला हवं होतं. मी स्वतः मास्तर असून मला सुचलं नाही, याची लाज वाटते.

दुसऱ्या फेरीत नंदुरबारचं सरकारी कॉलेज मिळालं. घरात शांतता. "नंदुरबार? तिथे काय आहे?"

तिथे पेशंट आहेत. सिकलसेल, कुपोषण, सर्पदंश, घरीच अडलेल्या बाळंतिणी. २०१८ ला जळगाव आणि २०२० ला नंदुरबार सुरू होईपर्यंत तिन्ही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज एकटं धुळ्याचं होतं. आपल्या भागातली माणसं सुरत-नाशिकला पळत होती, ती याच कारणाने. नवीन कॉलेज आहे, शिक्षक कमी असतील, इमारतीची कामं चालू असतील, ही शंका बरोबर आहे आणि जाऊन पाहण्यासारखी आहे. आम्ही गेलो. नरडाण्याहून गाडीत बसलो, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार. बहीण ओपीडीच्या रांगेत बसलेल्या बायांशी अहिराणीत बोलत राहिली. मुलींचं हॉस्टेल बघितलं, दोन सीनियर मुलींना तिने स्वतः विचारलं, रात्री ड्युटी असली की परत कोण सोडतं. मुलगी एकटी कशी राहील, या प्रश्नाचं उत्तर दिवाणखान्यात मिळत नाही. आणि खरं सांगू, हाच प्रश्न माझ्या मुलाच्या वेळी कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

सरकारी कॉलेजातून पास झाल्यावर वर्षभर सेवा द्यावी लागते, नाहीतर दंड. काकांना हे ओझं वाटलं. भाचीला नाही वाटलं. ती म्हणाली, शिरपूर किंवा अक्कलकुव्याला मिळाली तर बरं.

माझं म्हणणं जमातीच्या आणि अंजुमनच्या मंडळींना आहे. सत्काराचा कार्यक्रम एक वर्ष पुढे ढकला. त्या पैशात प्रवेशफेरीचे तीन आठवडे मशिदीच्या ऑफिसात एक टेबल, एक लॅपटॉप आणि मागच्या वर्षी या फेऱ्यांतून गेलेली एक मुलगी बसवा. मेसचा पहिला हप्ता ज्यांना जड जातो त्यांच्यासाठी बिनव्याजी रक्कम ठेवा. भाचीने यंदा बसायचं कबूल केलंय. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने येईल, रविवारी परत जाईल.