चिठ्ठीखालचें नांव

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारीं सायंकाळीं आमच्या दिवाणखान्यांत गाण्याची बैठक भरते. तिला गवई येत नाहीं, तबलजी येत नाहीं, आणि बिदागीचा अवघड प्रश्नहि उद्भवत नाहीं. दहाबारा रसिक मंडळी, किटलीभर चहा आणि एक कापडी पिशवी एवढ्या सामग्रीवर ती साजरी होते. पिशवी आमच्या एका स्नेह्यांची. त्यांनीं आयुष्यभर कचेरींत हिशेब तपासले, आणि सुटीच्या दिवशीं जुन्या बाजारांत हिंडून ग्रामोफोनच्या तबकड्या गोळा केल्या. आज त्यांच्यापाशीं अशा आठशेंवर तबकड्या आहेत. परंतु आम्हांस त्यांचें खरें कौतुक वाटतें तें संग्रहाबद्दल नव्हे, वाढपाबद्दल.

दर खेपेस ते बारा बाजू निवडून आणतात. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचें गाणें मावतें. म्हणजे बारा बाजू पाऊण तासाच्या आंत आटोपतात. ज्यांचीं नांवें सर्वांच्या ओठांवर आहेत अशांच्या बाजू फार तर दोन. बाकीच्या दहा, ज्यांस जग विसरलें त्यांच्या. शिवाय एकासारखें एक लागोपाठ लावावयाचें नाहीं, हा त्यांचा दंडक. नाट्यपदामागून कर्नाटकी कृति, तिच्यामागून बैठकीची लावणी, मग सनई, मग एखादें भावगीत. प्रथम आम्हांस हें सारें कडबोळें वाटलें, आणि आम्हीं तसें बोलूनहि दाखविलें. ते म्हणाले, "पानांत सगळींच पक्वान्नें वाढलीं, तर जेवणाराचा हात चौथ्या घासास थांबतो. लिंबाची फोड, कोशिंबीर, भाजी, भात असें वाढावें, म्हणजे ज्याची त्याची चव कळते." तेव्हांपासून आम्ही त्यांच्या यादीस पंगत म्हणतों.

या तीन मिनिटांच्या गाण्यामागें मोठा इतिहास आहे. १९०२ सालीं लंडनच्या ग्रामोफोन कंपनीतर्फें फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास आले, आणि नोव्हेंबर महिन्यांत त्यांनीं तेथील गायिकांचीं गाणीं मुद्रित केलीं. त्यांत त्या काळच्या विख्यात गोहरजान होत्या. मायक्रोफोन तेव्हां नव्हता. गाणारानें एका मोठ्या कर्ण्यासमोर बसून, सर्व बळ एकवटून गावयाचें. त्या आवाजाच्या कंपानें सुई मेणाच्या तबकडीवर रेघ ओढी. मग ती रेघ जर्मनींतील हानोव्हर येथें जाई, आणि तेथून छापील तबकड्या हिंदुस्थानांत येत. इतक्या दूरच्या कारागिरांस गाणारी कोण हें कळावें, म्हणून गाणें संपतांच गोहरजान इंग्रजींत आपलें नांव सांगत. पुढें १९०८ सालीं कलकत्त्यासच तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला, आणि १९२५ सालापासून विजेच्या साहाय्यानें मुद्रण सुरू होऊन कर्ण्याचें दिवस संपले. तरी त्या जुन्या तबकड्यांच्या शेवटीं ती नांवाची घोषणा अजून ऐकूं येते. शंभर वर्षांपलीकडून कोणी आपली ओळख करून देत आहे, असें वाटून आम्ही दर वेळीं थरारतों.

गेल्या बैठकीची पंगत अशीच नामी होती. आरंभ आग्र्याच्या जोहराबाईंनीं झाला. १९१३ सालीं निवर्तलेल्या या बाईंचा धारदार आवाज आणि तान ऐकली, म्हणजे फैयाझखाँसाहेबांसारख्या गवयावर त्यांचा प्रभाव होता असें जें म्हणतात, त्याचें नवल वाटत नाहीं. त्यांच्यामागून कोइमतूरच्या तायी. दक्षिणेंतील या गायिकेची तबकडी मॉरिस दलाज नांवाच्या फ्रेंच संगीतकाराच्या कानीं पडली, आणि तिच्यावरून त्यानें 'रागमालिका' ही आपली रचना बांधली. आपल्याकडे मात्र त्यांचें नांव सांगितलें असतां लोक 'कोण?' म्हणून विचारतात. मग सुरेशबाबू माने. अब्दुल करीमखाँसाहेबांचे हे पुत्र, हिराबाई बडोदेकरांचे बंधु आणि गुरु. १९५३ सालीं गेले आणि मागें मोजकेंच मुद्रण राहिलें. तो शांत, नितळ सूर ऐकतांना बैठकींत चहाचा पेलाहि कोणीं वाजूं दिला नाहीं.

यानंतरच्या तबकडीवर 'गांधारी' असें नांव होतें. आवाज कोवळा, उंच पट्टीचा. मंडळींनीं तर्क पुष्कळ केले, ओळख एकासहि पटेना. स्नेही हंसून म्हणाले, "या गंगूबाई हनगल! सुरुवातीच्या तबकड्यांवर कंपनीनें त्यांचें नांव असें छापलें. पुढें घशाच्या विकारानंतर आवाज बदलला. तो भारदस्त आवाज तेवढा तुमच्या परिचयाचा." नांव बदललें कीं माणूस किती सहज हरवतें, याचा तो वस्तुपाठच होता. परंतु त्या सायंकाळचा खरा पाठ अजून पुढें होता.

नववी बाजू लागली. एक हिंदी भजन होतें. आमच्या काकी, वय ऐशींच्या पुढें, आंत देवघरापाशीं वाती वळीत बसल्या होत्या. त्या बैठकीस कधीं येत नाहींत. "तुमची ती खरखर ऐकून माझे कान दुखतात," म्हणतात. त्या दिवशीं मात्र हातांतील कापूस तसाच घेऊन त्या दारांत येऊन उभ्या राहिल्या. बाजू संपेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "हें तर वन्संचें गाणें. आपल्याकडे होतें हें."

वन्सं म्हणजे आमच्या आत्या. तरुणपणींच कपाळ पांढरें होऊन त्या माहेरीं आल्या, आणि २००९ सालीं याच घरांत त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या खोलींत किल्लीचा ग्रामोफोन आणि एका शिसवी पेटींत तीसचाळीस तबकड्या होत्या. दुपारचीं कामें उरकलीं कीं त्या दार लोटून घेत, आणि अंगणांत खेळणाऱ्या आम्हां मुलांस आंतून तो बारीक आवाज ऐकूं येई. पेटींतील एका तबकडीच्या मध्यभागीं पांढरा कागद डकविलेला होता. त्यावर आजोबांच्या हस्ताक्षरांत एकच शब्द होता: भजन. तो कागद कां डकविला, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं.

तें काकींनीं त्या दिवशीं सांगितलें. आजोबांस गाण्याची आवड. तबकडी त्यांनींच हौसेनें आणली. परंतु 'ही बाई बैठकींत लावण्याहि गाते' असें एका पाहुण्यानें म्हटलें मात्र, आणि आजोबांनीं खळ करावयास सांगून नांवावर चिठ्ठी चिकटविली. "गाणें देवाचें आहे, तें राहूं द्या, नांव नको," असें म्हणाले. "सासूबाईंनीं मला हें सांगितलें," काकी म्हणाल्या. "वन्संना मात्र तें नांव पाठ होतें हो. गाणें संपलें कीं त्या तें पुटपुटत. मला एकदां सांगितलेंहि होतें, मी विसरलें."

आम्हीं स्नेह्यांच्या हातांतील तबकडी घेऊन पाहिली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती. नांव स्वच्छ वाचतां येत होतें. पुण्याच्या सुंदराबाई!

आतां आमची कबुली. आत्या गेल्यावर वर्षाच्या आंत घराची डागडुजी निघाली, आणि त्यांची खोली रिकामी करण्याचें काम आमच्याकडे आलें. ग्रामोफोनची कमान तुटलेली. पेटीस वाळवी लागलेली. आम्हीं सर्व तबकड्या रद्दीच्या गाडीवर घातल्या. पैसे किती आले हेंहि आतां स्मरत नाहीं. ती चिठ्ठीची तबकडी हातांत आली होती, हें पक्कें स्मरतें. 'भजनें असतील कसलीं तरी,' असें म्हणून आम्हीं ती इतरांवर ठेवून दिली. आजोबांनीं नांव झांकलें, पण गाणें राखलें होतें. आम्हीं गाणेंहि राखलें नाहीं.

आणि हें नांव तरी कोणाचें! १९१९ सालीं गंधर्व नाटक मंडळीनें गडकऱ्यांचें 'एकच प्याला' रंगभूमीवर आणलें. त्यांतील पदें विठ्ठल सीताराम गुर्जर यांचीं, गाणारे बालगंधर्व, आणि चाली या सुंदराबाईंच्या. १९३९ सालच्या 'माणूस' बोलपटांत नायकाच्या आईची भूमिका केली तीहि यांनींच. सिंधूचीं पदें आमच्या आजीच्या पिढीनें ओव्यांसारखीं पाठ केलीं. त्यांच्या चाली कोणाच्या, हें किती घरांत ठाऊक होतें? या गायिकांचा आवाज आमच्यासारख्यांच्या माजघरापर्यंत आला. त्या स्वतः आल्या असत्या, तर त्यांस ओसरीवर तरी बसावयास सांगितलें असतें कीं काय, याची आम्हांस शंका आहे. एखादा कलावंत विस्मृतींत गेला म्हणजे आपण काळास दोष देतों. पण पुष्कळ वेळां खळ आपल्याच घरांत केलेली असते.

अल्लादियाखाँसाहेब आणि भास्करबुवा बखले यांचें गाणें तबकडीवर उतरलें नाहीं. ज्यांनीं तें ऐकलें ते गेले, आणि त्यांच्याबरोबर तें गाणेंहि गेलें. त्यास आतां इलाज नाहीं. परंतु ज्यांचा आवाज लाखेंत उमटून आपल्या माळ्यावर पडून आहे, ते हरवले तर तो दोष सर्वस्वीं आपला. आणि संग्रह करूनहि ते हरवूं शकतात. आम्हीं असे संग्राहक पाहिले आहेत, कीं दुर्मिळ तबकडीवर ते धनावरच्या नागासारखे बसतात. दुसऱ्यास ऐकवली तर तिचें मोल उतरेल, हें त्यांस भय. आमचे स्नेही नेमके उलटे. तबकडीवरील गाणें ते यंत्रानें उतरवून घेतात आणि जो मागेल त्याच्या मोबाईलवर देऊन टाकतात. अट एकच: निदान दोघांस ऐकवावें, आणि ऐकवतांना गाणाराचें नांव सांगावें. मुंबईंत १९९० सालीं 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची संस्था स्थापन झाली, तीहि एकत्र बसून ऐकण्याचे कार्यक्रम करीत आली आहे. एकट्यानें ऐकलेलें गाणें एका आयुष्याइतकें जगतें, हें आम्ही आत्यांच्या उदाहरणावरून शिकलों.

म्हणून वाचकांस आमची विनंति आहे. आपल्या माळ्यावर, पलंगाखालीं, आजेसासूबाईंच्या पेटींत अशा तबकड्या असतील, तर त्या काढण्यापूर्वीं एक दुपार त्यांस द्यावी. आडव्या रचून ठेवूं नयेत. ओझ्यानें वांकतात व तडकतात. उभ्या ठेवाव्यात. मऊ, कोरड्या फडक्यानें पुसाव्या. स्पिरिट मुळींच लावूं नये, कारण त्यांत लाख विरघळते. नव्या यंत्राच्या बारीक सुईनें त्या लावूं नयेत. जुन्या तबकडीची चर रुंद असते, तिला रुंद टोंकाचीच सुई लागते. आणि मुख्य म्हणजे वहींत प्रत्येक तबकडीवरील नांव, क्रमांक आणि घरांतील कोणास ती प्रिय होती, हें लिहून ठेवावें. घरांतील वडील माणसांस जवळ बसवून हें करावें. जें तबकडीवर छापलेलें नसतें तें त्यांच्यापाशीं असतें. मग शेजारच्या चार घरांस बोलावून बारा बाजूंची पंगत मांडावी.

त्या सायंकाळीं काकींच्या आग्रहावरून नववी बाजू पुन्हां लावली. या खेपेस त्या खुर्चीवर बसून ऐकत होत्या. गाणें संपलें, सुई मध्याजवळ घासूं लागली, आणि काकींनीं स्पष्ट शब्दांत म्हटलें, "सुंदराबाई." कोणीं सुचविलें नाहीं, पण त्यापुढील तिन्ही बाजू संपल्यावर मंडळींपैकीं कोणी ना कोणी तसेंच मोठ्यानें नांव घेतलें, आणि तोच आतां बैठकीचा नियम झाला आहे.

स्नेह्यांनीं ती तबकडी आम्हांस देऊं केली. आम्हीं ती घेतली नाहीं; ती घरांत जपण्याची आमची लायकी सिद्ध व्हावयाची आहे. तिचें गाणें मात्र मागून घेतलें, आणि अटीप्रमाणें दोन नातींस ऐकविलें, नांव सांगून. काकी हल्लीं दुसऱ्या शनिवारीं वाती सकाळींच वळून ठेवितात.