पहिला रकाना

कृत्रिम बुद्धिमत्तेवर संशोधन करायचे तर आधी प्रोग्रॅमिंग शिकून या, असे समाजशास्त्राच्या किंवा भाषेच्या विद्यार्थ्याला हल्ली सर्रास ऐकवले जाते. अशा विद्यार्थ्याने लूसी सचमन यांचे काम मुळातून वाचावे. सचमन मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. १९८०च्या दशकात त्या झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात काम करत होत्या. तिथे छायाप्रती काढण्याच्या यंत्राला एक 'हुशार' मदतनीस जोडला होता. माणसाला काय हवे ते ओळखून पुढची पायरी सांगणे हे त्याचे काम. सचमन यांनी दोन-दोन नवख्यांना त्या यंत्रापुढे उभे केले, म्हणजे मनातले ते एकमेकांशी मोठ्याने बोलतील, आणि सगळे चित्रित केले.

मग त्यांनी कागदावर चार रकाने आखले. माणसे जे बोलली-वागली पण यंत्राला कळणे शक्य नव्हते, ते पहिल्यात. यंत्राला जेवढे कळले, म्हणजे झाकण उघडले, बटण दाबले, तेवढे दुसऱ्यात. तिसऱ्यात यंत्राने दाखवलेली सूचना आणि चौथ्यात त्या सूचनेमागचा रचनाकाराचा हिशेब. यंत्र पुढच्या पानासाठी तीच कृती पुन्हा सांगे आणि माणसांना वाटे, आपले काहीतरी चुकले. कधी माणसे खरोखर चुकत आणि यंत्र सारे सुरळीत आहे असे धरून पुढे जाई. हा सगळा गोंधळ पहिल्या रकान्यात होता, आणि यंत्राला तो रकानाच नव्हता. १९८७ साली त्यावर त्यांचे 'प्लॅन्स अँड सिच्युएटेड ॲक्शन्स' हे पुस्तक आले.

चौथा रकाना भरायचा तर यंत्र कसे 'विचार' करते हे समजून घ्यावेच लागते; सचमन यांनीही ते घेतले. पण किती शिकायचे ते त्यांच्या प्रश्नाने ठरवले.

आज आई पिकावरच्या रोगाची लक्षणे सांगते, मुलगा ती मोबाइलवर टाइप करतो, आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवावा का हे दोघे शेजाऱ्याला विचारतात. कंपनीकडे जाते ते फक्त टाइप केलेले वाक्य. बाकीचे, म्हणजे पहिला रकाना, कोण टिपणार? मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात क्षेत्रकार्याची भक्कम परंपरा घडवली. म्हणजे ते टिपू शकणारी माणसे आपल्याकडे आहेत. विद्यापीठांनी एम.ए.च्या प्रबंधिकांसाठी माणसे अशी यंत्रे कशी वापरतात यावरचे विषय यंदापासूनच द्यावेत, संगणक विभागातला एक सहमार्गदर्शक जोडून द्यावा आणि प्रवेशासाठी प्रोग्रॅमिंगच्या प्रमाणपत्राची अट घालू नये.